गोल्फच्या गाडीवरील दिव्यांची जोडणी

गोल्फ हा खेळ विस्तीर्ण गवताळ मैदानावर खेळला जातो. अठरा खळग्यांचे मैदान पुरे करताना खेळाडूस कित्येक किलोमीटर चालावे लागते. हे श्रम वाचविण्यासाठी अमेरिकेत १९५० नंतरच्या दशकात विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या प्रचारात आल्या. जॉर्जिया राज्यातील ऑगस्टा येथे १९५४ मध्ये स्थापन झालेली ई-झी-गो ही कंपनी त्यांच्या आद्य निर्मात्यांपैकी एक होय. पुढे ही गाडी मैदानाबाहेर पडली. त्याच राज्यातील पीचट्री सिटी या गावी तिच्यासाठी सुमारे १६० किलोमीटर लांबीच्या स्वतंत्र वाटा असून लोक बाजारहाटासही तीतून जातात. आपल्याकडे मोठ्या रेल्वेस्थानकांवर वृद्ध प्रवाशांची ने-आण करणारी बॅटरीची गाडी याच कुळातील आहे.

दिवसा मैदानावर फिरणाऱ्या गाडीस दिव्यांची गरज नव्हती. रस्त्यावर येताच ती उत्पन्न झाली. ज्या गाड्यांचा कमाल वेग ताशी २० मैलांहून अधिक, परंतु २५ मैलांच्या आत आहे, त्यांच्यासाठी अमेरिकेच्या केंद्र सरकारने १९९८ मध्ये नियम केला. त्यानुसार पुढचे व मागचे दिवे, वळण दाखविणारे दिवे, आरसे इत्यादी गोष्टी आवश्यक ठरल्या. याहून मंद गाड्यांचे मालकही सोयीसाठी दिवे व भोंगा बसवून घेतात. हे काम वरवर सोपे दिसते. तथापि त्यात एक चूक वारंवार घडते आणि तिच्यापायी महागड्या बॅटऱ्या अकाली निकामी होतात. ही चूक कोणती व तिचे कारण काय, हे आपण येथे पाहू.

बॅटऱ्यांची माळ

अशा अनेक गाड्यांत सहा व्होल्टच्या सहा बॅटऱ्या आसनाखाली बसविलेल्या असतात. प्रत्येक बॅटरीत तीन घट असतात. घटात शिशाची पत्रे विरल गंधकाम्लात बुडालेली असून एका घटापासून सुमारे दोन व्होल्ट दाब मिळतो. एका बॅटरीचे धन टोक दुसरीच्या ऋण टोकास, अशा रीतीने सहाही बॅटऱ्या एकापुढे एक जोडतात. या रचनेस एकसर जोडणी म्हणतात. तीत सर्वांचे दाब मिळवले जातात, म्हणून एकूण ३६ व्होल्ट मिळतात. प्रवाह मात्र प्रत्येक बॅटरीतून अगदी सारखाच वाहतो. म्हणजे गाडी चालताना सहाही बॅटऱ्या बरोबरीने खर्ची पडतात आणि भारित करताना बरोबरीनेच भरतात. या बरोबरीवरच माळेचे आयुष्य अवलंबून असते.

बारा व्होल्टचा मोह

बाजारात मिळणारे मोटारीचे दिवे व भोंगे १२ व्होल्टचे असतात. साहजिकच, शेजारच्या दोन बॅटऱ्यांवरून दोन तारा काढल्या की काम झाले, असे वाटते. दिवे त्यावर उत्तम लागतातही. चूक नेमकी येथेच आहे.

समजा, दोन दिव्यांस मिळून ६० वॅट शक्ती लागते. १२ व्होल्टवर हा प्रवाह ५ अँपिअर होतो. रोज तीन तास दिवे लागले, तर त्या दोन बॅटऱ्यांतून १५ अँपिअर-तास वीज जास्त खर्च होते. उरलेल्या चारांना याची झळही लागत नाही. पालखीच्या सहा भोयांपैकी दोघांच्याच डोक्यावर आणखी गाठोडे द्यावे, तसा हा प्रकार होय.

रात्री गाडी भारक यंत्रास जोडली, म्हणजे ही तूट भरून येईल असे कोणी म्हणेल. पण तसे होत नाही. भारक यंत्र माळेचा एकूण दाब पाहते. कमी खर्ची पडलेल्या चार बॅटऱ्या आधी भरतात व त्यांचा दाब चढतो. एकूण दाब पुरेसा झाला असे समजून यंत्र प्रवाह कमी करते, आणि उरलेल्या दोन बॅटऱ्या अर्धपोटी राहतात. अशी थोडी थोडी तूट रोज साचत जाते. अपुऱ्या भारित बॅटरीच्या पत्र्यांवर शिशाच्या सल्फेटाचे स्फटिक वाढून कठीण होतात. पुढे ते सहजासहजी विरघळत नाहीत. इकडे चार बॅटऱ्यांतील पाण्याचे अतिभारामुळे विघटन होऊन त्यांची पातळी घटते. अखेर दोन बॅटऱ्यांच्या दुबळेपणाने सारी गाडी वाटेत थांबते.

योग्य मार्ग

यावर उपाय एकच: वीज घ्यावयाची ती सबंध माळेकडून. माळेच्या पहिल्या व शेवटच्या टोकांस डीसी-डीसी कन्व्हर्टर नावाचे उपकरण जोडतात. ते ३६ व्होल्टचे १२ व्होल्ट करून देते. वरील ६० वॅटच्या दिव्यांसाठी, उपकरणातील थोडा व्यय धरूनही, माळेतून दोन अँपिअरपेक्षा कमी प्रवाह घ्यावा लागतो, आणि तो सहाही बॅटऱ्यांतून सारखा जातो. बरोबरी अभंग राहते. ४८ व्होल्टच्या किंवा लिथियम बॅटरीच्या गाडीसही हेच तत्त्व लागू पडते. मात्र कन्व्हर्टर त्या दाबाचा घ्यावा.

तारा व फ्यूज

तार बारीक असली, तर तिच्या रोधामुळे दाब वाटेतच खर्च होतो. जाण्यायेण्याची मिळून आठ मीटर तांब्याची तार धरू. तिचा छेद अर्धा चौरस मिलिमीटर असेल, तर ५ अँपिअर प्रवाहास सुमारे १.४ व्होल्ट दाब खर्ची पडतो व तंतूच्या दिव्याचा प्रकाश जवळजवळ एक तृतीयांशाने घटतो. छेद अडीच चौरस मिलिमीटर असेल, तर हीच घट ०.३ व्होल्टहूनही कमी होते.

फ्यूज हा मुख्यतः तारेच्या रक्षणासाठी असतो. बॅटरीच्या दोन टोकांचा थेट संयोग झाला, तर हजाराहून अधिक अँपिअर प्रवाह वाहू शकतो व तार क्षणात लाल होऊन आग लागते. म्हणून फ्यूज दिव्यापाशी नव्हे, तर बॅटरीच्या धन टोकाजवळ बसवावा. मोटारीत परतीच्या तारेचे काम सांगाड्याकडून करून घेतात. गोल्फच्या गाडीत माळ बहुधा सांगाड्यापासून अलग ठेवलेली असते; म्हणून येथे परतीची तार स्वतंत्रच न्यावी.

हे काम जाणकार माणसानेच करावे. आरंभी अंगठी व घड्याळ काढून ठेवावे, मुख्य तार सोडावी व मुठीस रबर लावलेला पाना वापरावा. भारित होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. हवेत त्याचे प्रमाण शेकडा ४ झाले की, ठिणगीने स्फोट होऊ शकतो. यास्तव जागा हवेशीर असावी.

एक साधा प्रयोग

हे तत्त्व शाळेतही पडताळून पाहता येते. टॉर्चचे तीन सारखे, नवे घट एकसर जोडून त्यांवर योग्य दाबाचा एक दिवा लावावा. दुसरा लहान दिवा त्यांपैकी एकाच घटाच्या दोन टोकांस जोडावा. काही तासांनी दोन्ही दिवे काढून प्रत्येक घटाचा दाब व्होल्टमापकाने मोजावा. दोन्ही दिव्यांचा भार वाहणाऱ्या घटाचा दाब इतरांपेक्षा कमी भरेल. गाडीतील दोन बॅटऱ्यांची जी गत होते, ती अशी मेजावरच विद्यार्थ्यांच्या दृष्टीस पडेल.