बायबलमधील दशमांश : स्वरूप आणि अर्थ

प्रस्तावना

आपल्या उत्पन्नाचा दहावा भाग ईश्वरकार्यासाठी वेगळा काढणे म्हणजे दशमांश होय. अनेक ख्रिस्ती मंडळ्यांत हा शब्द दरमहा द्यावयाच्या रकमेसाठी वापरला जातो. परंतु मूळ ग्रंथात दशमांश नेमका कोणी द्यावयाचा आणि तो कोणाला मिळावयाचा, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखात त्याच प्रश्नाचा मागोवा घेतला आहे.

जुन्या करारातील दशमांश

दशमांशाचा पहिला उल्लेख उत्पत्तीच्या १४व्या अध्यायात येतो. अब्राम युद्धाहून परतताना मलकीसदेक या याजक-राजाला दहावा भाग देतो. २८व्या अध्यायात याकोब बेथेल येथे तसा नवस करतो. येथे आज्ञा नाही. कृतज्ञता आणि नवस आहे. दशमांशाला नियमाचे रूप येते ते मोशेच्या नियमशास्त्रात.

या नियमांचे तीन पैलू लक्षात घेण्याजोगे आहेत. गणनेच्या १८व्या अध्यायानुसार, ज्यांना जमिनीचा वाटा नव्हता त्या लेवी वंशाला दशमांश मिळे आणि लेवींनीही मिळालेल्यातून दहावा भाग याजकांना द्यावयाचा असे. अनुवादाच्या १४व्या अध्यायानुसार, दशमांश पवित्रस्थानी नेऊन देणाऱ्याने तो कुटुंबासह आनंदाने सेवन करावयाचा होता. वाट लांबची असल्यास धान्य विकून पैसा नेण्याची मुभा होती. तसेच दर तिसऱ्या वर्षी तो गावातच साठवून लेवी, उपरी, पोरके आणि विधवा यांना तृप्त होईपर्यंत द्यावयाचा होता. पुढे यहुदी परंपरेने याचे पहिला दशमांश, दुसरा दशमांश आणि गरिबांचा दशमांश असे वर्गीकरण केले.

दशमांश धान्य, द्राक्षारस, तेल व गुरेढोरे यांवर होता. लेवीयाच्या २७व्या अध्यायानुसार काठीखालून जाणारा प्रत्येक दहावा पशू पवित्र ठरे. तो चांगला की वाईट, हे पाहावयाचे नसे. अर्थात ज्याच्याकडे शेत व कळप आहे, तोच देणारा. भूमिहीन, उपरी आणि विधवा हे प्रामुख्याने घेणाऱ्यांच्या बाजूस होते.

मलाखीचे वचन

दशमांशावरील प्रवचनांत मलाखीच्या ३ऱ्या अध्यायाचा आधार वारंवार घेतला जातो. भांडारात दशमांश आणा म्हणजे आकाशकपाटे उघडतील, असा त्याचा आशय. परंतु हे वचन संपूर्ण राष्ट्राला उद्देशून असून त्यातील आशीर्वाद पीकपाण्याचा आहे. त्याच अध्यायाच्या ५व्या वचनात मजुराची मजुरी बुडवणारे, विधवा व पोरके यांना छळणारे आणि उपऱ्याचा हक्क डावलणारे यांच्यावर न्यायाचा इशारा आहे. हे वचन गाळून पुढचे वाचल्यास दशमांश ही लाभासाठीची गुंतवणूक बनते. भांडार रिकामे राहिले तर काय होते, हे नहेम्याच्या १३व्या अध्यायात दिसते : वाटा न मिळाल्याने लेवी सेवा सोडून आपापल्या शेतांकडे निघून गेले.

नव्या करारातील दृष्टी

मत्तयाच्या २३व्या अध्यायात येशू परूश्यांना पुदिना, शेप व जिरे यांचाही दशमांश देताना न्याय, दया व विश्वास विसरल्याबद्दल धारेवर धरतो. दशमांश देणे तो चुकीचे ठरवत नाही. महत्त्वाचा क्रम मात्र तो स्पष्ट करतो. पौल करिंथकरांस दुसऱ्या पत्रात प्रत्येकाने मनात ठरविल्याप्रमाणे, नाखुशीने किंवा दबावाखाली नव्हे, तर संतोषाने द्यावे असे सांगतो. तेथे दहाव्या भागाचा उल्लेख नाही.

निष्कर्ष

दशमांशाचा मूळ हेतू तिहेरी होता : उपासनेची व्यवस्था, सामूहिक आनंद आणि दुर्बलांचे पोषण. आज श्रद्धावंताने दहावा भाग द्यावा की अधिक, हा त्याच्या विवेकाचा प्रश्न आहे. परंतु ज्या विधवेला दशमांश मिळावयाचा, तिच्याकडूनच तो भीती घालून वसूल होत असेल, तर आज्ञेचे अक्षर राहते आणि अर्थ हरवतो. म्हणून ‘किती दिले’ या प्रश्नासोबत ‘ते कोणापर्यंत पोहोचले’ हा प्रश्नही मंडळीने स्वतःला विचारणे आवश्यक आहे.