बॉलसमोर उभा राहणारा तो एक!

फ्री किक मिळाली की आपल्या हॉस्टेलच्या ग्राउंडवर काय होतं ते सांगायला नको. फाऊल करणाराच बॉल काखेत घेऊन चालायला लागतो, दुसरा बॉलसमोर ठाण मांडतो आणि तेवढ्यात त्यांची सगळी टीम मागे जाऊन सेट होते. डिसेंबरात घाटघरच्या एन.एस.एस. कॅम्पला, जीवधनच्या पायथ्याशी भाताच्या सुक्या खाचरात आम्ही खेळलो, तेव्हा याच भांडणात दोनदा मॅच थांबली. रेफ्री मी होतो. शिट्टी होती, कार्डं नव्हती! म्हणून नियम एकदाचा लिहूनच टाकतो.

समोरच्या टीमने बॉलपासून ९.१५ मीटर, म्हणजे १० यार्ड लांब राहायचं, हे सगळ्यांना पाठ असतं. पण किक मारायला दरवेळी शिट्टी लागत नाही, हे फार कमी जणांना माहीत असतं. बॉल जागेवर स्थिर ठेवा आणि मारा. मात्र तुम्ही ‘रेफ, डिस्टन्स!’ असं मागितलंत की रेफ्री शिट्टीकडे बोट दाखवतो. मग शिट्टी होईपर्यंत थांबायचं.

खरी गोची झटपट किकमध्ये आहे. तुम्ही घाईने मारलीत आणि जवळच असलेल्या खेळाडूने बॉल अडवला, तर खेळ चालू राहतो. रिस्क तुमची. पण किक मारता येऊ नये म्हणून तो मुद्दाम आडवा आला, तर यलो कार्ड. त्याच्या मनातलं रेफ्रीला कसं कळणार? तो पाय बघतो. माणूस बॉलपासून लांब जातोय की बॉलकडे येतोय? बॉल नुसता ढकलून दिला तरी यलो मिळू शकतं. ३१ ऑगस्ट २०२४ ला आर्सेनलचा डेक्लन राइस ब्रायटनविरुद्ध असाच दुसरं यलो खाऊन बाहेर गेला. एवढ्याशा टचसाठी रेड, असा आरडाओरडा झाला. मला विचाराल तर रेफ्री बरोबर होता.

आपल्याकडची मोठी केस ३ मार्च २०२३ ची. बेंगळुरूच्या कांतीरवा स्टेडियमवर आय.एस.एल.चा नॉकआउट, केरळा ब्लास्टर्सविरुद्ध ०-०, एक्स्ट्रा टाइम. सुनील छेत्रीने नंतर सांगितलं की त्याने रेफ्रीला शिट्टी नको, वॉल नको असं आधीच सांगितलं होतं आणि ते ऐकून ल्युना आधी बॉलसमोर उभा राहिला. तो हलला, बाकीचे वॉल लावण्यात गुंतले आणि छेत्रीने बॉल गोलमध्ये टाकला. रेफ्रीने गोल दिला. कोचने टीमच बाहेर नेली! मॅच बेंगळुरूला मिळाली, केरळाला ४ कोटींचा दंड झाला, कोचवर १० मॅचची बंदी आली. पुढे सेमीफायनलला याच बेंगळुरूने आपल्या मुंबई सिटीला पेनल्टीवर घरी पाठवलं.

आणि हो, ज्यांना फ्री किक मिळाली त्यांनीच मोजे वर ओढत वेळ काढला तर? त्यांनाही यलोच. शिवाय वाया गेलेली मिनिटं रेफ्री शेवटी वाढवून देतो.