ओरणांच्या चतुःसीमा

राजस्थानी 'ओरण' हा शब्द संस्कृत 'अरण्य' यापासून आला, असें सामान्यतः मानतात. जेसलमेर-बाडमेरकडे देवदेवतांच्या नांवें राखलेली ही भूमि आपल्या देवराईच्याच जातीची. मात्र येथें दाट झाडी नसून खेजडी, बोर व सेवण गवत यांचें कुरण असतें. गुरें चरतात, पण झाडास कुऱ्हाड लागत नाहीं. चिंकारा व माळढोक यांस एका कुरणांतून दुसऱ्या कुरणांत जातांना हींच विसाव्याचीं स्थानें.

हद्द आंखण्याची रीत संशोधकांनीं ध्यानांत घेण्याजोगी आहे. कित्येक ठिकाणीं दुधाची धार सोडीत प्रदक्षिणा घालून ती ठरवीत. लोकांस ती मुखोद्गत. महसुली दप्तरांत मात्र पुष्कळ ओरणें पडीक म्हणून नोंदलीं गेलीं. घात झाला तो येथेंच. अशी भूमि विद्युत्प्रकल्पांकडे जाऊं लागली, आणि या मुलखांत विजेच्या तारांवर आदळून माळढोक मेले.

वन्यजीव संरक्षण अधिनियमांत २००२ च्या दुरुस्तीनें 'समुदाय राखीव क्षेत्र' आलें. त्याची व्यवस्था स्थानिक समितीकडे असते. १८ डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें ओरणांची मोजणी करण्याचा आदेश राजस्थान सरकारास दिला. परंतु ती तरतूद खासगी वा सामुदायिक भूमीसच लागू. तेव्हां ओरण गांवाचें, हें आधीं सिद्ध व्हावयास हवें. ज्यांच्या संग्रहीं तिकडील दानपत्रें वा पट्टे असतील, त्यांनीं त्यांतील चतुःसीमा अवश्य प्रसिद्ध कराव्या.