रंगाची मिरची, तिखटाची मिरची
लेखमाला ‘चवीची पारख’ : भाग ८

एकाच मिरचीत सगळं मिळत नाही. रंग धरावा तर तिखटपणा हातचा जातो, तिखटपणा धरावा तर रस्सा फिका दिसतो, आणि वासाला सरस असलेली मिरची बहुधा या दोन्ही बाबतींत मध्यम निघते. वर्षाचं तिखट करणाऱ्या बायकांना हे पक्कं ठाऊक असतं. म्हणून त्या दुकानात जाऊन नुसतं ‘मिरची द्या’ म्हणत नाहीत. ‘दोन किलो ही, अर्धा किलो ती, आणि ती बारकी मूठभर’ असं सांगतात. मागच्या भागात आपण चहाच्या पुडीत काय काय मिसळलेलं असतं ते पाहिलं. या आठवड्यात तोच प्रश्न मिरचीला विचारू, आणि त्यासाठी थेट नंदुरबारला जाऊ.

नंदुरबार जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला 1998 साली. मिरचीचा व्यापार त्याहून जुना. लाल मिरचीच्या बाजारपेठा मोजताना आंध्रातल्या गुंटूरपाठोपाठ इथलं नाव घ्यायची व्यापाऱ्यांना सवय आहे. पण इथलं वैशिष्ट्य आकारापेक्षा पद्धतीत आहे. इथे मिरची ओलीच बाजारात येते. शेतकरी झाडावर लाल झालेली मिरची तोडून बाजार समितीत आणतो, तिचा लिलाव होतो आणि ती सुकवण्याची जोखीम व्यापाऱ्याच्या गळ्यात पडते. शहराबाहेरच्या मोकळ्या जमिनींवर दिवाळीच्या मागेपुढे जे लाल पट्टे दिसू लागतात, त्या या व्यापाऱ्यांच्या पथाऱ्या. चार किलो ओली मिरची सुकून जेमतेम किलोभर हाती लागते. उरलेलं सगळं पाणी उन्हाच्या खात्यात जमा.

मिरचीची निम्मी चव या पथारीवर ठरते. थर जाड झाला तर आतल्या मिरच्या घामेजतात आणि काळवंडतात. ऊन कडक असून कुणी वेळेवर परतलं नाही, तर वरची बाजू पांढुरकी पडते. संध्याकाळी ढीग करून ताडपत्री टाकायची, सकाळी पुन्हा पसरायची. यात अवकाळी पाऊस आला की ज्या मालाला कालपर्यंत भाव होता, त्याला आज वास येऊ लागतो. भिजलेल्या मिरचीवर बुरशी धरते आणि काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि शिजवूनही जात नाही. त्यानंतर देठ खुडण्याचं काम. ते बहुतेक बायकाच करतात. दिवसभर मिरचीच्या ढिगापाशी बसून, तोंडाला पदर बांधून. पुडीवर छापलेल्या भावात त्या खोकल्याचा हिशेब कुठे धरलेला असतो, हे मला अजून कुणी दाखवलेलं नाही.

बाजारात जी नावं ऐकू येतात ती म्हणजे व्हीएनआर, जरेला, फापडा, लाली, शंकेश्वरी, तेजा. यातलं एखादं नाव बियाणं कंपनीचं, एखादं गावाचं. घेणारा मात्र नावावर फारसा विसंबत नाही. तो मूठभर सुकी मिरची उचलतो आणि कानाशी हलवतो. बी खुळखुळलं तर आतून सुकली आहे. मग एक मिरची मधोमध वाकवतो. ती चामड्यासारखी दुमडली पाहिजे. काचेसारखी तडकली तर जास्त सुकली, म्हणजे पोत्यात चुरा होणार. आणि वाकताना ओलसर लागली तर पोत्यात कुबट वास धरणार. नंतर ती उभी फाडून आतली बाजू उजेडात धरतो, कारण बुरशी आधी आत दिसते. शेवटी अंगठ्यानं साल चोळून बोटावर उतरलेला रंग बघतो आणि बोट नाकाशी नेतो. एवढ्या सगळ्यात जीभ कुठेच येत नाही. ती सगळ्यात लवकर दमते, हे त्याला माहीत असतं.

तिखटपणा ही मुळात चव नव्हेच. मिरचीतलं कॅप्सेसिन तोंडातल्या ज्या संवेदकाला जाऊन चिकटतं, तो एरवी सुमारे 43 अंशांवरच्या उष्णतेची वर्दी देण्यासाठी असतो. म्हणजे मेंदूला निरोप जातो तो ‘भाजलं’ असा. हा संवेदक डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेनं 1997 साली शोधला आणि त्यासाठी त्यांना 2021 चं नोबेल मिळालं. कॅप्सेसिन बियांत असतं ही समजूत घरोघरी आहे, पण ते तयार होतं बिया ज्याला धरून असतात त्या आतल्या पांढरट शिरेत. बियांना ते नुसतं लागलेलं असतं. रंग मात्र सालीत असतो. त्यामुळे जाड सालीची, कमी शिरांची मिरची रंगाला चढते आणि बारीक अंगाची, शिरांनी भरलेली मिरची तिखटाला. सुरुवातीला म्हटलेली ओढाताण मिरचीच्या अंगातच आहे, ती अशी.

तिखटपणा मोजायचा पहिला नेटका प्रयत्न अमेरिकेत झाला. विल्बर स्कोव्हिल हे डेट्रॉइटच्या पार्क-डेव्हिस या औषध कंपनीत औषधशास्त्रज्ञ होते. 1912 साली त्यांनी मिरचीचा अर्क साखरेच्या पाण्यात पातळ करत करत पाच जणांना चाखायला दिला. तिखट जाणवेनासं होईपर्यंत अर्क किती पट पातळ करावा लागला, तो त्या मिरचीचा आकडा. आज हे काम यंत्र करतं, पण एकक स्कोव्हिल यांच्याच नावाचं राहिलं. रंगाला चढणारी बेडगी मिरची या मापावर दहा-पंधरा हजारांच्या आसपास असते, तर तेजा पन्नास हजारांपासून लाखापर्यंत जाते. रंगाचं मापही अमेरिकेचंच, तिथल्या मसाला व्यापाऱ्यांच्या संघटनेचं. त्याला ‘अस्ता’ म्हणतात. इथे क्रम नेमका उलटतो: बेडगी सहज शंभर-दीडशेच्या वर, तेजा तिच्या निम्म्यावर. या रंगामुळे गाजलेल्या बेडगीला 2011 साली भौगोलिक मानांकन मिळालं.

रंगाला पैसा मिळतो म्हटल्यावर रंगाची चोरी आलीच. 2003 साली फ्रान्समध्ये मिरची पुडीत सुदान नावाचा कारखानी रंग सापडला आणि 2005 साली ब्रिटनमध्ये त्यापायी शेकडो तयार खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. आपल्याकडे पुडी पाण्यात टाकून पाहायची पद्धत आहे. सुदान रंग पाण्यात विरघळतच नाही, तेलात विरघळतो. तेव्हा पाणी स्वच्छ राहिलं म्हणून निश्चिंत होऊ नये. अख्खी मिरची घेऊन घरी किंवा डोळ्यांसमोर कुटून घेणं, हाच त्यातल्या त्यात भरवशाचा मार्ग.

सुरुवातीला पाहिलेलं, रंग-तिखट-वासाचा मेळ घालण्याचं गणित अमेरिकेत दीडशेहून अधिक वर्षं एका वेगळ्या पानावर मांडलं गेलं आहे: पाइपमध्ये भरायचा तंबाखू. तंबाखू आणि मिरची दोघेही वांग्या-बटाट्याच्या कुळातले, दोघेही मूळचे अमेरिका खंडातले, आणि पोर्तुगीज व्यापारामागोमाग आपल्या किनाऱ्याला लागलेले. अकबराचा दूत असद बेग 1604 च्या सुमारास विजापूरहून परतताना तंबाखू आणि नक्षीदार नळी नजराणा म्हणून घेऊन गेला होता. म्हणजे आग्र्याच्या दरबाराला धुराची ओळख दख्खननं करून दिली. हकिमांनी नाकं मुरडली, तरी बादशहानं झुरका घेऊन पाहिलाच.

अमेरिकी पाइप तंबाखूच्या जुन्या मिश्रणांचा पाया बहुधा बर्ली हे पान. 1864 साली ओहायोतल्या ब्राउन काउंटीत नेहमीच्या बियाण्यातून काही फिकट रोपं उगवली, ती पुढे पांढरी बर्ली म्हणून पसरली. हे पान कोठारात टांगून वाऱ्यावर आठवडेच्या आठवडे सुकवतात. त्यात त्याची साखर संपते आणि दाण्याच्या, कोकोच्या वळणाचा कोरडा वास उरतो. पान सच्छिद्र असल्यानं ज्येष्ठमध, कोको असं जे पाजाल ते पितं. दुसरं पान व्हर्जिनिया. हे भट्टीच्या नळांच्या उष्णतेवर भराभर सुकवतात, त्यामुळे साखर टिकते, वास गवतासारखा गोडसर येतो, पण घाईनं ओढलं तर जीभ पोळते. आर. जे. रेनॉल्ड्स कंपनीनं 1907 साली आणलेला ‘प्रिन्स अल्बर्ट’ बर्लीवर उभा होता, तर ‘हाफ अँड हाफ’ या मिश्रणात बर्ली आणि व्हर्जिनिया या दोघांची जोडी होती. तिसरं पान पेरीक. लुइझियानातल्या सेंट जेम्स परगण्यात ते लाकडी पिंपात दाबून महिनोन्‌महिने आंबवतात. ते चिमूटभरच घालायचं. त्याची चव मिरपुडीसारखी झणझणीत आणि सुक्या आलुबुखारासारखी आंबूस सांगतात.

ही पानं पारखणारे आधी कोरडं पान हुंगतात, मग सावकाश ओढतात आणि पहिल्या भागाची चव शेवटच्या भागाशी ताडून पाहतात. कारण गोडी आधी येते आणि कडवटपणा तळाशी. पण मिश्रण करणाऱ्याचं खरं काम नवी चव शोधणं हे नव्हे. पाऊसपाणी, जमीन, भट्टी यांनुसार पान दरसाल बदलतं आणि गिऱ्हाइकाला मात्र डबा उघडल्यावर गेल्या वर्षीचाच वास हवा असतो. तेव्हा प्रमाण थोडं इकडेतिकडे करत जुनी चव राखायची. नंदुरबारला मिरची पुडीचा कारखाना चालवणाराही हेच करतो. यंदा पाण्याचा ताण पडून माल जास्त तिखट आला, तर रंगाची मिरची वाढवतो. पुडीवरचं नाव तेच राहतं, आतला मेळ दर हंगामाला नवा. तंबाखूपायी होणाऱ्या तोंडाच्या कर्करोगाशी आपली गाठ किती जवळची आहे हे माहीत असल्यानं, पारखीचा हा खेळ आपण मिरचीवरच खेळलेला बरा.

तो घरी खेळता येतो. तीन प्रकारच्या अख्ख्या मिरच्या घ्या: एक रंगाची, म्हणजे बेडगी किंवा काश्मिरी; एक मधली, शंकेश्वरी; एक जहाल, तेजा किंवा लवंगी. प्रत्येकीची पूड वेगळी करा. तीन वाट्यांत चमचा चमचा कोमट तेल घालून त्यात चिमूट चिमूट पूड टाका आणि दोन मिनिटं हात लावू नका. रंग आणि कॅप्सेसिन दोन्ही तेलातच उतरतात. मग पांढऱ्या ताटलीत थेंब टाकून रंग बघा, वास घ्या, आणि उकडलेल्या बटाट्याच्या फोडीला लावून चाखा. सौम्य आधी, जहाल शेवटी; क्रम उलटला तर पुढचं काही कळणार नाही. तिखट जिभेच्या टोकाला लागतं की घशात जातं, पटकन येतं की मागाहून चढतं, आणि किती वेळ रेंगाळतं याकडे लक्ष द्या. मध्ये पाणी पिऊ नका, त्यानं आग तोंडभर पसरते. दूध किंवा दही घ्या. दुधातलं प्रथिन कॅप्सेसिनला धरून धुऊन नेतं. तिसऱ्या वाटीनंतर थांबा. तोवर जीभ बधिर झालेली असते आणि ती जे सांगेल ते खोटं.

मेळ कशासाठी घालायचा आहे हे आधी ठरवलं तर पैसे वाचतात. शेवभाजीवर लाल तर्री तरंगायला हवी, तिथे निम्म्याहून जास्त रंगाची मिरची घाला. उलट खान्देशी काळ्या मसाल्यात मिरची, खोबरं, दगडफूल सगळं भाजून काळपट करायचं असतं, तिथे बेडगीचा महाग रंग विकत घेऊन जाळण्यात काय हशील? तिथे वास आणि तिखट बघा, शंकेश्वरी जास्त आणि तेजा बेतानं. कुळथाची शेंगोळी, डुबुकवडे अशा पातळ रश्शाला दोन्ही सारखं चालतं. खेड्यात अजून मिरची कुटायचा डंक असेल तर चक्कीपेक्षा तिथेच कुटून घ्या. चक्कीच्या दगडाला पूड गरम होते आणि वास तिथेच उडून जातो.

तयार तिखट काचेच्या बरणीत घालून खिडकीत ठेवलं तर उजेडानं दोन-तीन महिन्यांत विटकरी होतं. स्टीलच्या डब्यात दाबून भरा, वर हिंगाचा खडा ठेवा आणि रोजच्या वापराचं वेगळ्या डबीत काढा. जास्तीच्या मिरच्या अख्ख्याच राहू द्या, लागतील तशा कुटा.

पुढच्या आठवड्यात याच जिल्ह्यात, पण वर सातपुड्यात: धडगाव-मोलगीकडचा आमचूर.