शेवाळाचा डबा

निफाडच्या आमच्या द्राक्षबागेत समुद्री शेवाळाचा अर्क मी कित्येक वर्षं फवारतोय. वेल तरतरीत होते, पण डावणी रोग काही त्याने जात नाही; त्याला वेगळंच औषध लागतं. तरीही वहिनींची केमो चालू असताना एका पाहुण्यांनी शेवाळाच्या कॅप्सूलचा डबा आणला, "याने गाठ विरघळते" म्हणाले, आणि माझा विश्वास बसला. वहिनी मात्र नाशिकच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायला तयार नव्हत्या. त्यांचंच बरोबर होतं.

तपकिरी शेवाळात फ्युकोइडान असतं, म्हणजे सल्फेट जोडलेली साखरेची लांब साखळी. प्रयोगशाळेतल्या बशीत त्याने कर्करोगाच्या पेशी मरतात, उंदरांवरच्या काही प्रयोगांत गाठीही आक्रसल्या. माणसांवरचा इलाज म्हणून ते अजून सिद्ध झालेलं नाही. शिवाय शेवाळात आयोडीन भरपूर असू शकतं. थायरॉइडचा त्रास असलेल्यांना ते बाधू शकतं.

मी थक्क झालो ते वेगळ्याच गोष्टीने. हिंदी महासागरातल्या एका समुद्री गोगलगायीत कर्करोगाच्या पेशी मारणारं डोलास्टॅटिन-१० हे जहाल द्रव्य सापडलं. ते मुळात तिच्या खाण्यातल्या निळ्या-हिरव्या सूक्ष्म शेवाळाचं. नुसतं दिलं तर रुग्णालाच सोसवेना. मग रसायनतज्ज्ञांनी त्याच्यासारखाच रेणू प्रयोगशाळेत घडवला आणि रोगट पेशीवरची खूण ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला जोडला. विष थेट त्या पेशीच्या पोटात! हेच ब्रेंटुक्सिमॅब व्हेडोटिन. २०११ मध्ये अमेरिकेत हॉजकिन लिम्फोमा या कर्करोगासाठी त्याला मान्यता मिळाली.

पाहुण्यांचा डबा फडताळात सीलबंद पडून आहे. वहिनींची पुढची केमो सोमवारी आहे.