भांडी घासण्याचे यंत्र आणि पाण्याचा हिशेब : भोपाळमधील घरांच्या संदर्भात

२०२० च्या टाळेबंदीत घरकामाच्या बायकांचे येणे थांबले. तेव्हापासून भोपाळच्या मध्यमवर्गीय घरांत डिशवॉशर, म्हणजे भांडी घासण्याचे यंत्र, अधूनमधून दिसू लागले आहे. या यंत्राच्या प्रचारात एक वाक्य हमखास असते : हाताने भांडी घासण्यास सुमारे १०० लिटर पाणी लागते, यंत्राला १० ते १५ लिटर पुरते. हेच वाक्य पर्यावरण अध्ययनाच्या प्रकल्पवहीतही सहज उतरते. आकडा खोटा नाही, पण तो कोणाच्या स्वयंपाकघरातला आहे हे पाहिल्याशिवाय आपल्या वर्गात तो सांगू नये, एवढेच प्रस्तुत लेखाचे म्हणणे आहे.

हा आकडा प्रामुख्याने जर्मनीतील बॉन विद्यापीठातून आला. या शतकाच्या आरंभी प्रा. रायनर स्टॅमिंगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी युरोपातील निरनिराळ्या देशांच्या, तुर्कस्तानच्याही, ११३ व्यक्तींना प्रत्येकी १२ माणसांच्या जेवणाची खरकटी भांडी हाताने धुण्यास दिली. सरासरी १०३ लिटर पाणी, २.५ युनिट ऊर्जा आणि ७९ मिनिटे लागली. त्याच भांड्यांसाठी चांगल्या यंत्रास १५ ते २२ लिटर पाणी आणि १ ते २ युनिट वीज पुरली. मात्र सरासरीच्या आत फार मोठी तफावत होती. काहींनी अगदी थोडक्या पाण्यात काम उरकले, तर काहींनी सरासरीच्या कितीतरी पट पाणी वापरले. प्रचारात सरासरी तेवढी येते, तफावत येत नाही.

आता आपल्याकडचे प्रमाण पाहू. भारतीय मानक क्रमांक ११७२ मध्ये शहरी माणसामागे दररोज १३५ लिटर पाणी धरले आहे. त्यात भांडी धुण्याचा वाटा १० लिटरचा आहे. म्हणजे पाच जणांच्या कुटुंबास ५० लिटर. हे नियोजनासाठी धरलेले प्रमाण आहे, प्रत्यक्ष मोजमाप नव्हे. तरीही आपला आरंभ १०० पासून नसून ५० च्या आसपास आहे, हे त्यावरून कळते. घमेल्यात पाणी घेऊन भांडी घासणाऱ्या आणि दुसऱ्या घमेल्यात विसळणाऱ्या घरात याहूनही कमी पाणी लागते. उलट नळ सोडून भांडी घासणाऱ्या घरात काय होते? मिनिटाला ६ लिटर सोडणारा साधा नळ १५ मिनिटे चालू राहिला तर ९० लिटर पाणी गेले. बॉनचा आकडा याच घराला लागू पडतो.

(भोपाळला नळाच्या पाण्याची सवय जुनी आहे. १९ व्या शतकात नवाब कुदसिया बेगम यांनी शहरासाठी जलयोजना उभारली आणि ते पाणी रहिवाशांना विनामूल्य मिळे. उर्दूत ‘पानी की तरह बहाना’ म्हणतात, मराठीत पैसा ‘पाण्यासारखा’ खर्च होतो. दोन्ही भाषांनी पाणी फुकटच धरले आहे. २००८ च्या अपुऱ्या पावसानंतर बडा तलाव आटत गेला आणि शहराला एक दिवसाआड पाणी मिळू लागले. ते दिवस ज्यांनी काढले, त्यांना मात्र हा वाक्प्रचार तितका सहज वाटणार नाही.)

यंत्र इतक्या थोड्या पाण्यात काम कसे करते? ते तळाशी तीन-चार लिटर पाणी घेते, तापवते आणि फिरत्या फवारदांड्यांतून तेच पाणी पुन्हा पुन्हा भांड्यांवर मारते. मग ते पाणी सोडून दुसरे घेते. धुण्याच्या एका फेरीत असे तीन-चार वेळा होते. म्हणजे बचतीचे रहस्य पाण्याच्या पुनर्वापरात आहे. आपल्या दोन घमेल्यांच्या रीतीतही तत्त्व हेच आहे. अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठाच्या २०२० च्या अभ्यासात तर दोन भांड्यांत धुण्या-विसळण्याची रीत हरितगृह वायूंच्या हिशेबात यंत्राहूनही सरस ठरली आणि नळ सोडून धुण्याची रीत सर्वांत वाईट.

या ठिकाणी विजेचा मुद्दा येतो आणि माझ्या मते तोच सर्वाधिक दुर्लक्षित आहे. युरोपात हाताने भांडी धुणारा गरम पाणी वापरतो, म्हणून तिथे यंत्र पाणी आणि ऊर्जा दोन्ही वाचवते. आपण भांडी गार पाण्याने घासतो. आपल्या घरात यंत्र येते तेव्हा आधी नसलेला सुमारे एक युनिटचा रोजचा खर्च सुरू होतो. यावर असे म्हणता येईल की, नर्मदेचे पाणी दुरून आणि खालून उपसून भोपाळला आणावे लागते, तेव्हा वाचलेल्या पाण्याबरोबर उपशाची वीजही वाचते. हिशेब करून पाहा. ४० लिटर पाणी २०० मीटर उंच चढवण्यास सुमारे ०.०२ युनिट लागते. पंप आणि वाहिनीतील घट धरून तिप्पट केले तरी ०.०६. म्हणजे यंत्र पाणी वाचवील, वीज नाही. ज्या शहराला उन्हाळ्यात पाण्याचीच चणचण भासते तिथे हा सौदा पत्करण्याजोगा असू शकतो, पण तो सौदा आहे हे सांगितले पाहिजे.

भांड्यांचाही प्रश्न आहे. यंत्राचे कप्पे ताटे, बशा आणि पेले यांच्या मापाने बनलेले असतात. लोखंडी तवा त्यात गंजतो, ॲल्युमिनियमचे पातेले काळवंडते, कल्हईच्या तांब्याच्या भांड्यांना तर त्यात घालूच नये. देग किंवा मोठी परात मावत नाही. म्हणून बहुतेक घरांत यंत्र चालवूनही दहा-पंधरा लिटरचे हातकाम उरते. त्यात ताटे आधी नळाखाली विसळून यंत्रात ठेवली तर बचत तिथेच संपली. खरकटे काढून टाकणे पुरेसे असते. अर्धे भरलेले यंत्रही जवळजवळ तेवढेच पाणी घेते. कढईसाठीच्या जास्त तापमानाच्या फेरीत पाणी आणि वीज दोन्ही जास्त जातात.

विंधनविहिरीचे पाणी जड असेल तर यंत्रातील पाणी मृदू करणाऱ्या भागास मीठ घालावे लागते. हे मीठ आणि धुण्याची पूड शेवटी सांडपाण्यात जाते. पुडीत फॉस्फेट असेल तर तलावात शेवाळ आणि जलपर्णी वाढण्यास मदत होते. युरोपीय संघाने २०१७ पासून घरगुती डिशवॉशरच्या पुडीतील फॉस्फरसवर कडक मर्यादा घातली ती याच कारणाने. बडा आणि छोटा तलाव मिळून झालेली भोज पाणथळ २००२ पासून रामसर यादीत आहे, तेव्हा पुडीच्या पाकिटावरील घटक वाचण्याचे कष्ट भोपाळकरांनी तरी घ्यावेत.

यंत्राच्या बाजूने एक गोष्ट मात्र निर्विवाद आहे : वेळ. तो बहुधा घरातील स्त्रीचाच असतो आणि पाण्याच्या कोणत्याही हिशेबात तो धरला जात नाही. ज्या बाईचे काम यंत्रामुळे जाते तिचा रोजगारही धरला जात नाही.

वर्गासाठी एक प्रयोग सुचवतो. विद्यार्थ्याने घरचा नळ नेहमीइतका सोडून त्याखाली बादली अर्धा मिनिट धरावी आणि मापाच्या बाटलीने पाणी मोजून दुप्पट करावे. हा मिनिटाचा प्रवाह झाला. मग तीन दिवस दोन्ही वेळची भांडी घासताना नळ किती मिनिटे चालू होता ते घड्याळाने नोंदवावे. घमेल्यात घासत असतील तर किती घमेली लागली ते मोजावे. माणसांची आणि भांड्यांची संख्याही लिहावी. ज्यांच्याकडे यंत्र आहे त्यांनी माहितीपुस्तिकेतील लिटर आणि त्याबरोबर हाताने धुतलेल्या भांड्यांचे पाणी, अशी बेरीज करावी. तीस विद्यार्थ्यांची तीस घरे एका तक्त्यात मांडली की जुन्या शहरातील घर, कोलारकडील सदनिका आणि टँकरवर अवलंबून असलेली वस्ती यांचे आकडे शेजारी शेजारी येतील. १०३ लिटरचा रकाना त्या तक्त्याच्या शेवटी तुलनेसाठी ठेवावा.