व्हायरस स्वतः फिरत नाही, पीकच त्याला फिरवते

भेंडीच्या शिरा पिवळ्या करणारा हळद्या, म्हणजेच यलो व्हेन मोझॅक, ज्या विषाणूमुळे होतो त्याचा सारा ऐवज म्हणजे सुमारे २,७०० अक्षरांचे एकेरी डीएनएचे वेटोळे आणि सोबत त्याच्या निम्म्या आकाराचा एक उपग्रही तुकडा. एवढ्या मजकुरातून मोजकीच प्रथिने तयार होतात. डीएनएची प्रत काढणारे विकर त्यांत नाही, प्रथिने जोडणारा रायबोझोम नाही, ऊर्जा निर्माण करण्याची सोयही नाही. जी. एस. कुलकर्णी यांनी १९२४ मध्ये मुंबई इलाख्यातून या रोगाची नोंद केली आणि १९४० मध्ये उप्पल, वर्मा व कपूर यांनी त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. बारामती-इंदापूर भागात भेंडी, मिरची, टोमॅटो, पपई आणि ऊस या सगळ्याच पिकांना कोणता ना कोणता विषाणू गाठतो. प्लॉटवर ‘व्हायरस आला’ की जे उपाय धावपळीने केले जातात, त्यांतले बरेचसे चुकीच्या समजुतीवर उभे असतात.

सर्वांत खोलवर रुजलेली समजूत अशी, की विषाणू बुरशीसारखा स्वतःच्या बळावर पानभर पसरतो. प्रत्यक्षात पांढरी माशी रस शोषताना सोंड थेट रसवाहिनीत खुपसते आणि लाळेबरोबर विषाणूचे कण आत सोडते. विषाणूच्या जोडकणाची लांबी अवघी ३०-४० नॅनोमीटर. त्याच्या आवरणातील प्रथिनावर एक खूण असते. झाडाची स्वतःची प्रथिने पेशीकेंद्रकात नेऊन पोचवणारे इम्पोर्टिन ही खूण ओळखते आणि विषाणूचा डीएनए केंद्रकाच्या छिद्रातून आत नेते. तिथे झाडाचेच विकर एकेरी डीएनएला दुहेरी करते, झाडाचीच हिस्टोन प्रथिने त्याभोवती गुंडाळली जातात आणि झाडाची यंत्रणा तो स्वतःच्या जनुकासारखा वाचू लागते. यातली विलक्षण गोष्ट पुढे आहे. पूर्ण वाढलेल्या पेशीने विभाजन थांबवलेले असते, त्यामुळे डीएनएच्या प्रती काढण्याचे तिचे काम बंद पडलेले असते. विषाणूचे ‘रेप’ नावाचे प्रथिन विभाजन रोखून धरणाऱ्या प्रथिनालाच जाऊन चिकटते आणि ते बंद पडलेले काम पुन्हा सुरू करवते.

तयार प्रती केंद्रकाबाहेर काढण्यासाठीही झाडाचीच निर्यात-प्रथिने वापरली जातात. शेजारच्या पेशीत जायचे तर मध्ये पेशीभित्तिका असते. तिच्यातून आरपार जाणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांना प्लाझ्मोडेस्माटा म्हणतात. त्यांतून एरवी काही नॅनोमीटरपेक्षा मोठे काही जात नाही. वनस्पतींचे विषाणू त्यासाठी खास वाहक प्रथिने बनवतात. तंबाखू मोझॅक विषाणूचे असे प्रथिन या वाहिन्यांची मर्यादा वाढवते, हे १९८९ मध्ये प्रयोगाने दिसून आले. रसवाहिनीत पोचल्यावर मात्र फारसे काही करावे लागत नाही. जुनी पाने साखर तयार करून शेंड्याकडे आणि कोवळ्या फळांकडे पाठवतात, त्याच प्रवाहात विषाणूही जातो.

म्हणून पिवळे पान खुडून रोग थांबत नाही. माशी बसली ते पान बहुधा आधीचे असते आणि शिरा पिवळ्या पडतात त्या नव्या पानाच्या. लक्षण दिसते तेव्हा प्रवास उरकलेला असतो. अशी झाडे सुरुवातीलाच मुळासकट उपटून नष्ट करणे, हाच त्यावर खरा उपाय.

पिवळेपणा म्हणजे अन्नद्रव्याची कमतरता, हा समजही या भागात सहज होतो, कारण इथल्या चुनखडीयुक्त जमिनीत लोहाची कमतरता खरोखरच आढळते. फरक पान उजेडात धरले की कळतो. लोह कमी पडले तर शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग पिवळा पडतो. हळद्यात आधी शिरा पिवळ्या होतात आणि मधला भाग हिरवा राहतो. हळद्या झालेल्या झाडावर टॉनिक किंवा सूक्ष्म अन्नद्रव्ये मारणे म्हणजे निव्वळ खर्च.

प्रतिजैविकांचे तेच. इंदापूरच्या डाळिंबबागा छळणारा तेल्या जिवाणूमुळे होतो. जिवाणूला स्वतःचा रायबोझोम असतो आणि स्ट्रेप्टोमायसिन त्यावरच घाव घालते. विषाणूजवळ रायबोझोम नाहीच. विषाणू वापरतो झाडाचा, आणि झाडाचे कामकाज बंद पाडेल असे औषध झाडालाच मारेल. झाडात शिरलेला विषाणू मारणारी फवारणी शेतकऱ्याच्या हाती नाही ती यामुळेच.

मग कीटकनाशक? भेंडीत त्याचा काही उपयोग होतो, कारण पांढऱ्या माशीच्या शरीरात विषाणू आतड्यातून लाळग्रंथीपर्यंत फिरावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. पपईच्या रिंगस्पॉट या विषाणूरोगात तशी सवड मिळत नाही. मावा पपईवर वस्तीही करत नाही. उडता उडता बसतो, सोंड टोचून चव घेतो आणि तेवढ्या काही सेकंदांत रोग देऊन जातो. औषधाने तो मरेपर्यंत काम झालेले असते. म्हणूनच रोपे कीटकरोधक जाळीत वाढवणे आणि प्लॉटभोवती मक्याची कड लावणे फवारणीइतकेच, किंबहुना जास्त महत्त्वाचे.

रिंगस्पॉटच्या गटातले विषाणू आरएनएचे असतात. रायबोझोमचे काम सुरू करून देणारे झाडाचे एक प्रथिन ते उसने घेतात. मिरचीच्या काही वाणांत हे प्रथिन किंचित वेगळे असते, त्यामुळे या गटातल्या काही विषाणूंची तिथे डाळ शिजत नाही. प्रतिकारक वाण निवडण्यामागे असा ठोस आधार असतो, मात्र तो कायमचा नसतो. रानटी भेंडीशी संकर करून मराठवाडा कृषी विद्यापीठाने दिलेली ‘परभणी क्रांती’ हळद्याला दाद देत नव्हती, पण पुढे तिच्यावरही रोग दिसू लागला.

२०२० मध्ये पुणे, नगर, नाशिक भागात टोमॅटोवर विषाणू आला, तेव्हा तो खाणाऱ्यालाही बाधतो अशी अफवा उठली आणि शेतकऱ्यांना तिची झळ बसली. वनस्पतीचा विषाणू माणसाच्या पेशीत शिरून वाढत नाही. झाडाची जी यंत्रणा वापरायला तो घडला आहे, ती तिथे तशीच्या तशी नसते.

उसात विषाणू बेण्यातून पुढच्या लागणीत जातो. वाढीच्या अगदी टोकाशी रसवाहिन्या अजून तयार झालेल्या नसतात आणि तिथल्या पेशींचा प्रतिकारही तीव्र असतो, त्यामुळे तेवढा कण सहसा विषाणूमुक्त राहतो. मोरेल आणि मार्टिन यांनी १९५२ मध्ये फ्रान्समध्ये डेलियाच्या अशा टोकापासून निरोगी झाडे मिळवली. उसाची ऊतिसंवर्धित रोपे याच तत्त्वावर तयार होतात. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्येही हे काम चालते. मात्र असे रोप विषाणूमुक्त असते, विषाणूरोधक नसते. शेतात लावल्यावर शेजारच्या रोगट उसावरचा मावा त्याला पुन्हा बाधा करू शकतो, म्हणून बेणेमळा रोगट उसापासून दूर ठेवावा लागतो आणि बेणे ठरावीक काळाने बदलावे लागते.